पाचवा रकाना

२ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरवून, दोन जिने चढवून आणि बाबांना दोनदा रडवून (एकदा जुन्या घराला कुलूप लावताना, एकदा नव्या घराचं कुलूप उघडताना) संध्याकाळी पाच वाजता मी या घराची मालकीण झाले. म्हणजे भाडेकरू. पण मालकीण म्हणायला काय जातं?

खाली वह्या-पेन्सिलींचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावाची उंच पाण्याची टाकी दिसते आणि तिच्या पायथ्याशी लांबट, पिवळी, एकमजली इमारत. तीच माझी प्रयोगशाळा. चालत बारा मिनिटं. मी घड्याळ लावून जाऊनसुद्धा आले. बाबांनी शिवणकाम सोडून सहा वर्षं झाली, तरी मशीन बरोबर आणलंच. म्हणाले, नव्या गावात कुणाची ना कुणाची शिवण उसवलेली असणारच.

बाबांच्या रडण्याबद्दल आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढेमागे ही वही वाचताना मलाच वाटेल की घरात सुतक होतं. तसं काही नाही. बाबा आनंदात रडतात, दुःखात रडतात, जाहिरातीतला म्हातारा नातवाला सायकल देतो तेव्हाही रडतात. आई म्हणायची, या माणसाच्या डोळ्यांना देवाने नळ दिला पण तोटी द्यायला विसरला. माझा संसार चार वर्षांत मोडला तेव्हा मी टिपूस काढलं नाही; माझ्या वाटणीचंही त्यांनीच रडून घेतलं. मी आतल्या आत जळत राहिले, अजून जळते, ते वेगळं. असो. नमनालाच घडाभर तेल नको. उद्या पहिला दिवस.

३ सप्टेंबर, मंगळवार

माणसं मोजून दोन. एक साहेब: उंच, सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री. हसत नाहीत, चिडतही नाहीत. मी एक विनोद सांगून पाहिला, तर तो संपेपर्यंत शांतपणे थांबले आणि मग म्हणाले की हजेरीवर सही करा. दुसरा शिक्केवाला: चाळिशीचा माणूस, दाराजवळच्या टेबलावर बसून गावभरातून येणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांवर तारखेचा शिक्का मारतो. माझ्या जागेवर आधी तोच होता म्हणे. स्वतःहून हलकं काम मागून घेतलं.

यंत्र मात्र लाखात एक! आकाराने बाबांच्या मशीनएवढं. पुढे चहाच्या कपाएवढं काचेचं पात्र, त्यात वरून तीन बारीक कांड्या सोडलेल्या. मधल्या कांडीच्या टोकाला पाऱ्याचा थेंब लोंबतो. पाण्यातून आधी पाच मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे, मग वीज हळूहळू बदलत न्यायची. पाण्यातले धातू त्या पाऱ्यावर येऊन बसलेले असतात. ते मग एकेक करून उतरतात, जो तो आपापल्या थांब्यावर. आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, मग तांबं. एक उतरला की कागदावर एक टेकडी. जितकी उंच टेकडी तितका धातू जास्त. अब्जात एक भाग असला तरी सापडतो. इतकं बारीक तर माझ्या सासूबाईंनाही सापडायचं नाही, आणि त्या खुसपटं काढण्यात पटाईत होत्या.

आकडे मात्र हातानेच लिहायचे, शाईने, जाडजूड बांधणीच्या रजिस्टरात. साहेबांनी नियम सांगितले. खाडाखोड नाही. चुकलं तर एकच रेघ आणि सही. रकाना रिकामा ठेवायचा नाही. रकाने पाच आहेत. चारांच्या डोक्यावर धातूंची नावं, पाचव्याच्या डोक्यावर काहीच नाही. विचारलं, तर म्हणाले की तोही भरायचा, पण पहिला आठवडा तो शिक्केवाला भरेल. रजिस्टराच्या पहिल्या पानावर आजवर नोंदी करणाऱ्यांच्या सह्या आहेत, एकीखाली एक. शिक्केवाल्याच्या सहीखाली मी माझी ठोकली, चांगली शेपटी-बिपटी काढून.

५ सप्टेंबर, गुरुवार

हात बसला. सकाळी आठ बाटल्या, दुपारी चार. जस्त ६०, कॅडमियम ०.२, शिसं २.१, तांबं १४. सगळं मर्यादेच्या आत. गावाने खुशाल पाणी प्यावं.

नुसती टेकडी बघून आकडा लिहायचा नसतो. पाणी बदललं की टेकडी फुगते नाहीतर दबते. म्हणून त्याच पाण्यात ठरावीक ताकदीच्या शिशाचा एक थेंब टाकायचा, टेकडी किती वाढली ते बघायचं आणि त्यावरून मुळात किती शिसं होतं ते उलटं काढायचं. असं तीन थेंबांनी तीनदा. याला इथे ‘थेंब देणं’ म्हणतात. बाबांना समजावून सांगितलं तर म्हणाले, म्हणजे भाजीत मीठ किती ते कळायला वरून आणखी तीन चिमटी घालायच्या. मग ती भाजी खायची कुणी?

थेंबाच्या बाटल्या कपाटात मापाच्या खाचांत बसवलेल्या आहेत. चार खाचांत चार बाटल्या. पाचव्या खाचेत सुयांची डबी, रक्तातली साखर तपासायला बोटाला टोचतात तसल्या. साहेबांना मधुमेह असावा बिचाऱ्यांना.

एक गंमत लिहायची राहिली. रोज एक वाजता शिक्केवाल्याकडे एक म्हातारी डबा घेऊन येते. दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि तोंडातून चकार शब्द नाही. तिने पाणी सांडलं तरी त्याने मान वर केली नाही. कडाक्याचं भांडण दिसतंय. जेवण झालं की तो तिला आत माझ्या टेबलाशी नेतो. मी तेव्हा डबा धुवायला गेलेली असते. परत येते तो पाचवा रकाना भरलेला. काल ०.०३, आज ०.०२.

९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पाचवा रकाना माझा. आणि अगं बाई, टेकडी खरंच आहे! शिसं आणि तांब्याच्या मधे, जिथे माझ्या माहितीतला कुठलाही धातू उतरत नाही, तिथे एक गोल, नीटस टेकडी. पात्र आम्लाने तीनदा धुतलं. पारा बदलला. शुद्ध पाणी घालून पाहिलं, तर काही नाही. नळाचं पाणी घातलं की पुन्हा हजर, जावयासारखी ठाण मांडून. साहेबांना विचारलं की हे आहे तरी काय. म्हणाले, ते कुणाला माहीत नाही, किती आहे ते लिहायचं. मग थेंब कशाचा द्यायचा? म्हणाले, ज्याचा त्याला सापडतो.

डोकं खाजवत पात्राला हात लावला, तर त्याची कड टवका उडालेली, बोट कापलं. रक्ताचा थेंब पाण्यात पडला. ओतून देणार तेवढ्यात यंत्राने रेघ ओढायला घेतली. टेकडी वाढली. म्हटलं बघू तरी, म्हणून दुसरा थेंब मुद्दाम टाकला. वाढली. तिसरा. पुन्हा तेवढीच वाढली. तिन्ही टिंबं पट्टी लावल्यासारखी एका रेषेत! दहा वर्षांच्या नोकरीत इतकी सरळ रेषा मी पाहिली नव्हती. एकटीच टाळी वाजवली. रकान्यात लिहिलं, ६.४.

साहेब आले, बोट पाहिलं आणि पाचव्या खाचेतली डबी माझ्यापुढे ठेवली. एवढं कापायची गरज नसते, म्हणाले. तेव्हा कळलं त्या सुया कशाच्या. अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण रेषा काय होती! म्हातारी आज आतल्या खोलीत आली नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

आत्याचा फोन. माझ्या आधीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, थाटामाटात. बाबांनी दोन रुमाल भिजवले, मला जवळ घेतलं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी वाट बघत बसले की आता पोटात ती ओळखीची आग उठेल. उठलीच नाही. पाटी पुसल्यासारखं कोरं. त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला, तरी काही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. सुटले बाई, असं मोठ्याने म्हटलंसुद्धा.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी वळणावर एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर सायकलवरून पडले. कपाळातून रक्त, पिशवी फाटून कांदे रस्ताभर. मी सायकलचं चाक ओलांडलं आणि पुढे गेले. डोक्यात काय, तर नायट्रोजनची टाकी बदलायला झाली. प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचल्यावर आठवलं की मागे माणूस पडलाय. पळत गेले, तोवर कुणीतरी त्यांना उचललं होतं. कांदे तेवढे राहिले होते.

ही मी नव्हे. मी म्हणजे परक्या बाईला सुटे पैसे दिले नाहीत म्हणून कंडक्टरशी भांडून दोन थांबे आधी उतरलेली बाई. बोटं मोजली: नऊ तारखेपासून रोज तीन थेंब. बाबांनी संध्याकाळी त्यांचा हुकमी विनोद सांगितला, मी हसले नाही, तर कपाळाला हात लावून ताप बघितला. मला भीती वाटते आहे, पण तीही विरळ केल्यासारखी. शुक्रवारपासून सुई बंद. राहू दे रकाना रिकामा, आभाळ कोसळत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी रकाना रिकामा ठेवला. शनिवार-रविवार रजिस्टराला सुट्टीच असते.

शनिवारी सकाळी फोन आला की कात्रीकाका गेले. कात्रीकाका म्हणजे बाबांचे भागीदार. चाळीस वर्षं एका दुकानात त्यांनी कापायचं आणि बाबांनी शिवायचं. मी टॉवेल घेऊनच धावले. बाबा फोनवर बरं म्हणाले. फोन ठेवला आणि मला विचारलं की पाव जाड कापू की पातळ. दिवसभर तसंच. रविवारी एक चांगली शिवण उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. शेवटी मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. ओरडले, अहो बाबा, जिवाभावाचा मित्र गेलाय तुमचा! तर म्हणाले की हो, काल फोन आला होता ना.

डोळ्यांत पाणी नसलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

आज प्रयोगशाळेत गेले. यंत्राच्या कागदावर एक रेघ होती, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची. तेव्हा कुलूप होतं. पाचवी टेकडी आणि तिच्यावर तीन वाढी, सरळ रेषेत. रजिस्टरात शुक्रवारच्या पाचव्या रकान्यात आकडा होता, ३१.०. माझ्या अक्षरात.

साहेबांची कॉलर धरायचं बाकी ठेवलं. त्यांनी सगळं सांगितलं, टाकी धुण्याचं वेळापत्रक सांगावं त्या आवाजात. रकाना रिकामा राहत नाही. तुम्ही थेंब दिला नाही तर पाणी आपला थेंब घेतं. आधी नोंद करणाऱ्याच्या घरून, मग गल्लीतून, मग गावातून. ते स्वतः या टेबलावर असताना एकदा नऊ दिवस कुणी थेंब दिला नव्हता. दहाव्या दिवशी शाळा सुटली आणि मुलांना न्यायला कुणीच आलं नाही. मुलं पायऱ्यांवर बसून राहिली, तीही रडली नाहीत. राजीनामा देता येतो का, विचारलं. म्हणाले, तुमच्या सहीखाली दुसरी सही होईपर्यंत नाही.

मग ती म्हातारी कोण, असं विचारलं. ती शिक्केवाल्याची आई. त्याचं संपल्यावर तिने दिलं. आता तिचंही संपलं.

मी तशीच बाहेर गेले आणि शिक्केवाल्याला विचारलं की सख्ख्या आईला, अरे तुझा हात धजावला कसा? त्याने थोडा विचार केला. रकाना रिकामा होता, म्हणाला, आणि पुढच्या बाटलीवर शिक्का मारला.

मी सुईला हात लावला नाही. उद्या पहिल्या गाडीने बाबांना घेऊन जाते. सही गेली खड्ड्यात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आठच्या गाडीने निघालो. दोन पिशव्या आणि बाबा. मी बसवलं तिथे बसले. नऊपर्यंत विचारलेल्याला हो-नाही म्हणत होते. दहानंतर तेही बंद. अकरा वाजता त्यांच्या डोळ्याच्या कडेवर माशी बसली. पापणी हलली नाही. माशी डोळ्यावर चालली तरी हलली नाही.

मी गाडी थांबवायला लावली. उलटी गाडी मिळेपर्यंत रस्त्यावर त्यांचा हात धरून उभी राहिले, देवाला नाही नाही ते बोलले. पावणेचारला प्रयोगशाळेत शिरले, बाबांना दाराशी खुर्चीत ठेवलं, सुई घेतली, तीन थेंब दिले, आकडा लिहिला. शाई वाळायच्या आत मागे आवाज झाला.

कात्रीकाका गेला गं ठमे, असं म्हणून बाबा रडत होते. घरी आल्यावरही रडत होते, आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांच्यापेक्षा मोठ्याने. जिवात जीव आला. या आवाजाहून गोड काही ऐकलं नाही मी. म्हणून इथे मोठ्या अक्षरात लिहिते: मी जिवंत असेपर्यंत ती सुई बाबांच्या बोटाला लागू देणार नाही. घ्यायचं ते माझं घे.

३० सप्टेंबर, सोमवार

घाबरून काही होत नाही, मोजून होतं. रोजच्या कागदांवरून माझ्या थेंबाची ताकद काढली. नऊ तारखेची शंभर धरली तर आजची पन्नास. मधली टिंबं मांडली, रेषा सरळ आली. एकवीस ऑक्टोबरला शून्य.

मुख्य कचेरीला पत्र लिहिलं की नवं माणूस पाच दिवसांत पाठवतात, असं साहेब म्हणाले. पण नवं माणूस म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी बाप, कुणाचं तरी पोर. आपल्याला अजून सोसतंय तोवर दुसरीच्या गळ्यात हा फास कसा घालू? तेवढ्या वेळात ही टेकडी कशाची, ती पाण्यातून काढता येते का, ते शोधते. नाहीच जमलं तर पंधरा तारखेला पत्र टाकायचं. लागतात पाच दिवस, हाती सहा राहतात. वेळ आहे. कागदावर दिसतोच आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ताकद ४०.

कोळशातून पाणी गाळलं, टेकडी तेवढीच. उकळलं, तेवढीच.

बाबांनी विनोद केला. विनोद आहे हे मी ओळखलं आणि योग्य वेळी हसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून खिडकीशी गेले. खांदे हलत होते.

९ ऑक्टोबर, बुधवार

ताकद २९. आज काही गाळलं नाही.

बाबांनी विचारलं, माझ्यावर रागावलीस का ठमे. नाही म्हटलं. खरंच नाही. मग म्हणाले की निदान रागाव तरी, दोन शब्द बोल, ताट आपट. ताट आपटलं. त्यांना बरं वाटलं नाही.

शिक्केवाल्याच्या समोर बसून डबा खाल्ला. तिथे बोलावं लागत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ताकद १४.

पत्र लिहायचं होतं. कागद घेतला. तारीख घातली, महोदय लिहिलं. मग बाटल्या आल्या. दुपारी कागद पुन्हा समोर होता. नेमकं काय सांगायचं ते माहीत होतं. सांगायची घाई वाटली नाही.

रेषा बरोबर होती. चूक दुसरीकडे आहे. पंधरा तारखेला पत्र टाकायला मी लागणार होते, आणि रोज तीन थेंब जात होते ते माझेच. ते मांडणीत धरलं नाही. पाणी मोजताना पात्राचा टवका धरला नाही, तसली चूक. नवशिक्या करतात.

पत्र खणात ठेवलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

९.

तापलेल्या शेगडीवर हात राहिला. वास आला तेव्हा कळलं. घरी बाबांनी पट्टी बांधली. रडता रडता त्यांची गाठ नीट बसेना. मी दुसऱ्या हाताने बांधली. म्हणाले की आपण हे गाव सोडू या, मला तू हवीस, नोकरी नको. मी सांगितलं की सही —

मग जेवलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

७.

वहीची मागची पानं वाचली. चोवीस तारखेला मोठ्या अक्षरात बाबांबद्दल लिहिलं आहे. लिहिल्याचं आठवतं. गाडी आठवते, माशी आठवते. एवढं मोठं अक्षर कशाला, ते —

जागा वाया गेली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जस्त ५८. कॅडमियम ०.२. शिसं २.०. तांबं १५.

पाचवा. पहिला थेंब दिला. टेकडी हलली नाही. दुसरा. नाही. तिसरा. नाही. माझ्या थेंबापुढे लिहिलं, आढळलं नाही.

साहेबांनी कागद बघितला. घरी कोण आहे, विचारलं. वडील, म्हटलं. म्हणाले, पाणी आपलं आपण घेतं तेव्हा फार घेतं, सुईने नीट मोजून जातं. तीन वाजता बोलवा.

बाबांना फोन केला. पुष्कळ दिवसांनी मी होऊन बोलावलं म्हणून आवाज भरून आला त्यांचा. लगेच निघतो म्हणाले.

वही टेबलावरच आहे, कागद बाहेर येईपर्यंत लिहिते.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घातलाय. साहेबांना नमस्कार केला. म्हणाले, माझी मुलगी इतक्या बारीक गोष्टी शोधते हे मी सगळ्यांना सांगतो. बोट पुढे करा म्हटलं, त्यांनी केलं. कशाला, विचारलं नाही. टोचलं. पहिला थेंब.

हात केवढा गार पडलाय गं तुझा, म्हणाले. माझा डावा हात धरला आणि चोळायला लागले.

टेकडी कागदाच्या बाहेर गेली. आकडा वाचता येत नाही. साहेब म्हणाले, पुन्हा घ्या. दुसरा थेंब. पुन्हा बाहेर. बाबा रडताहेत. म्हणताहेत की तू लहान होतीस तेव्हाही तुझे हात असेच — तिसरा. बाहेर. पाणी बदललं. चौथा.

पाचवा.

बाबा काहीतरी सांगत होते, मधेच थांबले. चोळणं चालू आहे, हळू.

सहावा. आता टेकडी कागदात बसली. रेषा सरळ आहे.

चोळणं थांबलं. हात तसाच त्यांच्या हातात आहे. रजिस्टर सरकतं आहे, धरायला दुसरा हात लागतो, म्हणून सोडवून घेतला. बाबांचा हात तसाच अर्धा उघडा राहिला. पाचव्या रकान्यात —